जे नाणे आहे तेच लिहा: नाण्यांच्या ऑनलाइन लिलावसंस्थांना खुले पत्र

प्रति,
नाण्यांचे ऑनलाइन लिलाव भरवणाऱ्या संस्थांचे संचालक
आणि ज्यांच्या मंचावरून ही विक्री चालते त्या कंपन्यांचे व्यवस्थापक यांस,

सविनय नमस्कार.

मी मराठ्यांची नाणी, त्यातही तांब्याच्या शिवराया, म्हणजे शिवाजी महाराजांच्या नावाची तांब्याची नाणी, जमवणारा एक संग्राहक आहे. माझ्या संग्रहातला मोठा भाग तुमच्यासारख्या संस्थांच्या लिलावांतूनच आला आहे आणि त्याबद्दल मला कृतज्ञता आहे. पूर्वी जे नाणे पाहायला जुन्या बाजारात खेटे घालावे लागत किंवा एखाद्या व्यापाऱ्याच्या मर्जीची वाट पाहावी लागे, ते आज सोलापूरच्या शिक्षकाला आणि चिपळूणच्या दुकानदाराला घरबसल्या दिसते, हे तुमचे काम लहान नाही. असे असूनही हे पत्र जाहीरपणे लिहावे लागत आहे, कारण लिलावाच्या पानांवरील वर्णनांची भाषा गेल्या काही वर्षांत इतकी बेफाम झाली आहे की ती आता केवळ विक्रीची हौस राहिलेली नाही. तुमच्यापैकी एका संस्थेने तर अलीकडे आपल्या नियमांत अशी तरतूद घातली की लॉटचे, म्हणजे एका क्रमांकाखाली लिलावाला ठेवलेल्या नाण्याचे, वर्णन हे केवळ मत समजावे आणि त्यातील चुकीवरून नाणे परत घेतले जाणार नाही. तक्रारींचे खासगी ईमेल लिहून आणि ठरावीक साच्यातली उत्तरे वाचून झाल्यावर, ही तरतूद मला गप्प बसून मान्य करता येत नाही.

माझे गाऱ्हाणे कशातून आले ते आधी सांगतो. आमच्या भागातील संग्राहक महिन्यातून एकदा जमतात आणि तिथे लोक आपापली नाणी दाखवायला आणतात. काही महिन्यांपूर्वी एक काकू दिवंगत यजमानांचा संग्रह घेऊन आल्या. त्यांच्या यजमानांनी निवृत्तीनंतर ऑनलाइन लिलावांतून नाणी घेतली होती आणि प्रत्येक नाण्याच्या पाकिटात लॉटच्या वर्णनाची छापील प्रत नीट घडी करून ठेवली होती. एका पाकिटावर लिहिले होते, ‘छत्रपती शिवाजी महाराज, रायगड टाकसाळ, राज्याभिषेक वर्ष 1674, अत्यंत दुर्मिळ, आर आर आर आर’ (‘आर’ ही दुर्मिळतेची खूण; जितके ‘आर’ तितके नाणे दुर्मिळ). आत शिवराई होती, अस्सल होती, पण त्यावरील अक्षरांच्या मध्ये दोन आडव्या रेघा स्पष्ट दिसत होत्या. ती दुदांडी शिवराई होती, म्हणजे पेशवाईच्या उत्तरार्धातली, जिच्यासारख्या आजही मूठमूठभर मिळतात. दुसऱ्या पाकिटात कंपनी सरकारचा, म्हणजे ईस्ट इंडिया कंपनीचा, एक रुपया होता. वर्णनात ‘मूळ झळाळी, टाकसाळीतून नुकतेच आल्यासारखे’ असे शब्द होते. नाणे उभे धरून कड पाहिली, तर वरच्या बाजूला दागिना म्हणून घालण्यासाठी लावलेली कडी काढून चांदी भरल्याची जागा बोटाला लागत होती आणि पृष्ठभाग पॉलिश करून घासलेला होता. लिलावातल्या छायाचित्रात नेमकी तीच बाजू सावलीत होती. काकूंना मुलाच्या शिक्षणासाठी संग्रह विकायचा होता. त्या वर्णनांच्या भरवशावर त्यांनी जी रक्कम मनात धरली होती, तिच्या जवळपासही आम्ही जाऊ शकलो नाही. त्यांच्या यजमानांनी दिलेले पैसे खरे होते, बोली खरी होती, पावतीही खरी होती. खोटे होते ते फक्त तुमच्या पानावरचे वाक्य.

शिवरायांच्या बाबतीत हे वाक्य सर्वांत जास्त वेळा लिहिले जाते, म्हणून त्याबद्दल थोडे सविस्तर लिहितो. 6 जून 1674 रोजी रायगडावर राज्याभिषेक झाला आणि महाराजांनी सोन्याचा होन आणि तांब्याची शिवराई पाडली, एका बाजूला ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’, एवढे शाळेतल्या मुलालाही ठाऊक असते. पण त्यानंतर हीच अक्षरे घेऊन शिवराई दीडशे वर्षांच्या आसपास पाडली जात राहिली. पुढच्या छत्रपतींच्या काळात, पेशव्यांच्या काळात, ठिकठिकाणच्या टाकसाळींतून आणि मक्त्याने चालवलेल्या खासगी टाकसाळींतूनही ती निघाली, आणि इंग्रजी अंमल आल्यावरही खेड्यापाड्यांतल्या बाजारात चालत राहिली. म्हणूनच ‘शिव’ हे अक्षर कुठे ‘सिव’ झाले, कुठे ‘सीव’ झाले, वळण बिघडले, वजन उतरले, मधे रेघा आल्या, फुलापानांच्या खुणा आल्या. महाराजांच्या हयातीतली शिवराई नेमकी कोणती, हे ठरवण्यासाठी अक्षराचे वळण, कडेची ठिपक्यांची माळ, वजन आणि सापडण्याचे ठिकाण असा सगळा पुरावा अभ्यासक आजही तपासतात. आणि तुमच्या पानावर मात्र जी येईल ती शिवराई थेट रायगडाची आणि थेट 1674 ची असते. राज्याभिषेकाच्या 350 व्या वर्षी तर ही वर्णने जणू एकाच साच्यातून काढावीत तशी सगळीकडे दिसू लागली. मराठी माणसाच्या मनात महाराजांविषयी जी श्रद्धा आहे, तिच्यावर बोली चढवली जाते, आणि तीही अशा नाण्यावर जे त्यांनी कधी पाहिलेलेच नाही. मला याचा मनापासून राग आहे आणि तो मी लपवत नाही. पेशवाईतली शिवराई ही पेशवाईतली म्हणून सांगितली, तरी तिला घेणारे आहेत. शनिवारवाड्याच्या काळात मंडईत भाजी घेणाऱ्या माणसाच्या हातातले ते नाणे होते, एवढी ओळख तिला पुरेशी आहे.

या नाण्यांबद्दल दुसरी एक गोष्ट सतत लिहिली जाते ती ‘नवीन प्रकार’, ‘अनलिस्टेड’, ‘अनपब्लिश्ड’ ही, म्हणजे हे नाणे आजवर कोणत्याच कॅटलॉगमध्ये किंवा पुस्तकात आलेले नाही असा दावा. शिवराई हाताने, हातोड्याच्या घावाने पाडली जात असे आणि तिचा ठसा चकतीपेक्षा मोठा असे. त्यामुळे प्रत्येक नाण्यावर मजकुराचा वेगळा तुकडा उमटतो. एकावर ‘राजा’ पूर्ण दिसतो, दुसऱ्यावर अर्धा. याला प्रकार म्हणत नाहीत. आधुनिक यंत्रावर पाडलेल्या नाण्याचा ठसा सरकला तर ती चूक म्हणून संग्राहक तिला वेगळी किंमत देतात, पण तोच निकष लावून शिवराईला ‘ऑफ सेंटर एरर’ म्हणून दामदुप्पट भावाने विकणे हे अज्ञान असेल तर ते वर्णन लिहिणाऱ्याने दूर करावे आणि अज्ञान नसेल तर ती फसवणूक आहे. ‘अप्रकाशित’ हा दावा तर कशाच्या आधारे केला, ते कधीच लिहिलेले नसते. के. के. माहेश्वरी आणि केनेथ विगिन्स यांचे ‘मराठा मिंट्स अँड कॉइनेज’ 1989 मध्ये प्रकाशित झाले आणि मराठा नाण्यांवर काम करणाऱ्या कोणाच्याही टेबलावर ते असते. किमान ते उघडून पाहिले, असे तरी वर्णनात लिहा. जगभरच्या नाण्यांच्या एखाद्या सर्वसाधारण कॅटलॉगमध्ये ते नाणे नाही, एवढ्यावरून ते जगात कोणी पाहिलेच नाही असे ठरत नाही.

होनाबद्दल लिहिताना मला काळजी जास्त वाटते. अस्सल शिवराई होन फार थोडे आहेत आणि ते कुठे आहेत हे बहुतेक जाणकारांना माहीत आहे. उलट प्रतिकृती मात्र सोन्यात, चांदीत, मुलाम्यात हव्या तेवढ्या मिळतात, लग्नात आणि वाढदिवसाला भेट म्हणून दिल्या जातात, आणि त्यात वाईट काहीच नाही. वाईट इथे होते की पहिला विक्रेता ‘प्रतिकृती’ हा शब्द लिहितो, दुसरा तो बारीक अक्षरांत खाली नेतो आणि तिसरा गाळून टाकतो. मंच तुमचा आहे, म्हणून हा शब्द गळणार नाही हे पाहणे तुमचेच काम आहे.

इंग्रजी काळातील रुपयांवर येतो. 1840 सनाचे व्हिक्टोरियाचे रुपये 1861 पर्यंत त्याच सनाने पाडले गेले आणि 1862 सन असलेला रुपया 1874 चा नवा सन येईपर्यंत टाकसाळींतून निघत राहिला. म्हणजे नाण्यावर 1862 आहे म्हणून ते दुर्मिळ आहे, असे लिहिणे म्हणजे बाजारात सर्वांत जास्त आढळणाऱ्या रुपयांपैकी एकाला दुर्मिळ म्हणणे आहे. ज्यांना यातला फरक कळतो ते ठिपक्यांवरून आणि ठशांच्या भेदांवरून दुर्मिळ प्रकार ओळखतात, तो फरक वर्णनात लिहा आणि मग खुशाल किंमत मागा. 1911 च्या पंचम जॉर्जच्या रुपयाची गोष्ट प्रत्येक लॉटमध्ये रंगवून सांगितली जाते: राजाच्या झग्यावरचा हत्ती डुकरासारखा दिसला, लोक चिडले, नाणी मागे घेतली. गोष्ट खरी आहे. पण ते नाणे आजही बाजारात येत राहते, हे वाक्य मात्र कोणीच लिहीत नाही. खरोखर हाताला न लागणारा रुपया 1939 चा आहे, आणि म्हणूनच 1938 च्या रुपयातला शेवटचा आकडा कोरून 9 केलेले रुपयेही फिरतात. अशा लॉटला आकड्याजवळचे मोठे छायाचित्र देणे बंधनकारक असायला हवे, आणि तिथेच ते सर्वांत कमी वेळा दिलेले आढळते. वजनाचेही तसेच आहे. 1835 नंतरचा रुपया 11.66 ग्रॅमचा हे ठरलेले आहे, साधा डिजिटल काटा काही सेकंदांत खरे-खोटे सांगायला सुरुवात करतो, आणि तरीही वजन न लिहिलेले लॉट सर्रास चढवले जातात, जणू वर्णनातल्या विशेषणांनी ती जागा भरून निघते.

विक्री-मंचांच्या व्यवस्थापकांना उद्देशून आता थोडे. लिलावसंस्थांचे निदान नाव-पत्ता असतो, तुमच्या मंचावर ज्या जाहिराती चालतात त्यांना तोही नसतो. कंपनी सरकारच्या नावाची, 1818 आणि त्याआधीच्या सनांची, राम दरबार किंवा हनुमान असलेली तांब्या-पितळेची टोकने, म्हणजे नाण्यासारख्या दिसणाऱ्या चकत्या, तिथे ‘ईस्ट इंडिया कंपनीचे अर्धा आणा’ म्हणून विकली जातात. कंपनीने सगळ्या प्रांतांसाठी एकसारखी नाणी 1835 मध्ये सुरू केली. देवांची चित्रे असलेली अशी ‘अर्धा आणा’ची नाणी तिने कधीच पाडली नाहीत. ही टोकने अलीकडची आहेत, देवघरात ठेवायला चांगली आहेत, पण नाणी नाहीत. त्यांच्याच शेजारी तांदूळ ओढून घेणारे ‘राइस पुलर’ नाणे असल्याचा दावा बिनदिक्कत उभा असतो, आणि या एका दाव्यापायी देशभर किती कुटुंबांनी पैसे घालवले हे वर्तमानपत्रांतून वारंवार येते. 2012 चे वैष्णोदेवीचे 5 आणि 10 रुपयांचे नाणे आणि गेंड्याचे 25 पैसे यांना लाखांची किंमत लावलेल्या जाहिराती वाचून माणसे घरातले डबे उपसतात, ‘खरेदीदार’ म्हणवणाऱ्याला नोंदणी शुल्क, कर, दलाली म्हणून पैसे पाठवतात आणि लुबाडली जातात. ऑगस्ट 2021 मध्ये रिझर्व्ह बँकेला स्वतः सांगावे लागले की आपण अशा व्यवहारांत नाही आणि कुठलेही शुल्क किंवा दलाली मागत नाही. इतक्या स्पष्ट इशाऱ्यानंतरही ही पाने तुमच्या मंचावर टिकतात, कारण ती उतरवण्याची जबाबदारी कोणाची हे तुम्ही ठरवलेलेच नाही.

अतिशयोक्तीचा एक परिणाम शेतात होतो, जो तुम्हाला कार्यालयातून दिसत नसेल. नांगराला मडके लागले की त्यात सापडलेली नाणी जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे 1878 च्या गुप्तधन कायद्याने बंधनकारक आहे. पण गावातल्या माणसाने मोबाईलवर एका तांब्याच्या नाण्याला लाखाचा आकडा पाहिलेला असतो. तो ठेव वाटून टाकतो, चिंच आणि राख लावून नाणी घासतो, चमकवतो आणि तुमच्याकडे किंवा तुमच्या विक्रेत्याकडे पाठवतो. कोणती नाणी कोणाबरोबर सापडली, मडके कुठे होते, हे सगळे कायमचे जाते. शिवराईचा काळ ठरवण्यासाठी हाच पुरावा लागतो, हे मी वर लिहिले आहे. त्याच घासलेल्या नाण्याला मग ‘सुंदर, स्वच्छ, मूळ छटा’ असे विशेषण लागते.

परदेशातले मराठी लोकही या भाषेला भुलतात. लंडनला किंवा न्यू जर्सीला राहणाऱ्या घरात एक शिवराई असावी ही इच्छा मी समजू शकतो. पण 1972 च्या पुरावशेष व बहुमोल कलाकृती कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुने नाणे खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही. ‘जगभर घरपोच’ हे शब्द अशा लॉटखाली दिसले की ते ताबडतोब काढायला हवेत.

ग्रेडिंगबद्दल, म्हणजे नाण्याच्या स्थितीला गुण देण्याबद्दल, मी फार लिहीत नाही. सत्तर गुणांची पट्टी मूळ अमेरिकन नाण्यांसाठी निघाली आणि आपल्याकडे ती आली, हरकत नाही. पण स्वतःच छापलेली चिठ्ठी प्लॅस्टिकच्या डबीत घालून तिला तज्ज्ञांचे प्रमाणपत्र असल्याचा देखावा करू नये, आणि एखाद्या प्रकाराची मोजकीच नाणी तपासणीला गेली असतील तर त्यातल्या वरच्या नाण्याला ‘जगातील सर्वोत्तम’ म्हणू नये. ‘विक्रमी किंमत’ म्हणून जे आकडे तुम्ही पुढच्या लिलावात मिरवता, त्यांपैकी काही बोलीवाल्यांनी पैसे भरलेच नव्हते, हे आमच्या वर्तुळात सर्वांना माहीत असते. न भरलेली बोली म्हणजे किंमत नव्हे. ती तुमच्या जुन्या निकालांतून काढली जात नाही, आणि नवा संग्राहक तिलाच बाजारभाव समजतो.

तुमच्यापैकी काहींचे उत्तर मला माहीत आहे: वर्णन विक्रेता देतो, आम्ही फक्त जागा देतो. मग बायर्स प्रीमियम कशाचा घेता? हातोड्याच्या किमतीवर, म्हणजे शेवटच्या बोलीवर, जी टक्केवारी ग्राहक तुम्हाला देतो, ती नाणे पाहून, तपासून, त्याची नोंद करून पुढे ठेवल्याबद्दलच देतो. दुरून बोली लावणाऱ्याला नाणे हातात घेता येत नाही, कड पाहता येत नाही, आवाज ऐकता येत नाही. त्याच्यापाशी असते ते एक छायाचित्र आणि तुमचे वाक्य, आणि त्या वाक्यावर विसंबून तो पैसे देतो. ते मत म्हणून सोडून देता येणार नाही. 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा, त्याखालचे 2020 चे ई-कॉमर्स नियम आणि दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबाबतची 2022 ची मार्गदर्शक तत्त्वे तुमच्या वकिलांना माझ्यापेक्षा जास्त माहीत असतील. ‘शेवटची संधी’, ‘पुन्हा कधीच मिळणार नाही’ अशी खोटी घाई निर्माण करणाऱ्या क्लृप्त्यांवर 2023 मध्ये स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वेही आली आहेत.

म्हणून माझ्या मागण्या स्पष्ट लिहितो. प्रत्येक लॉटला वजन, व्यास आणि दोन्ही बाजूंबरोबर कडेचे छायाचित्र असल्याशिवाय तो बोलीसाठी खुला करू नये. दुर्मिळ हा शब्द वापरायचा असेल तर कोणत्या कॅटलॉगच्या कोणत्या क्रमांकावरून, किंवा किती वर्षांच्या किती लिलावांत ते नाणे आले त्यावरून, तो आधार त्याच ओळीत द्यावा, आणि आधार नसेल तर शब्द गाळावा. शिवराईचा काळ निश्चित नसेल तर ‘छत्रपतींच्या नावाची, पेशवाई काळातील असण्याची शक्यता’ असे साधे लिहावे. घासलेले, कडी काढलेले, कोरून दुरुस्त केलेले नाणे तसे सांगूनच विकावे. प्रतिकृती आणि टोकने यांचा विभाग वेगळा असावा आणि तो शब्द शीर्षकात असावा. वर्णन चुकीचे असल्याचे जाणकाराने लेखी दाखवून दिल्यास वाजवी मुदतीत पूर्ण रक्कम, प्रीमियम आणि टपालखर्चासह, परत मिळावी, आणि वर्णनाला मत ठरवणारी तरतूद नियमांतून काढावी. न भरलेल्या बोली जुन्या निकालांतून वगळाव्यात.

वर्णने तपासायला माणसे नाहीत असे म्हणू नका. नाशिकजवळ अंजनेरीला नाणकशास्त्राच्या अभ्यासासाठी स्वतंत्र संस्था आहे, पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळाकडे नाण्यांचा संग्रह आहे, मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचे नाणेदालन आहे, आणि गावोगावी वर्षानुवर्षे एकेका नाण्यावर डोके घालून बसलेले संग्राहक आहेत. मराठा तांब्याच्या नाण्यांपुरते बोलायचे तर कोणत्याही संस्थेची वर्णने लिलावाआधी मोफत वाचून देण्याची माझी आणि आमच्या गटातील काहींची तयारी आहे. नाणे आणि काटा एवढे समोर असू द्या.

या पत्राचे उत्तर खासगी न देता तुमच्या नियमांच्या पानावर द्यावे, ही शेवटची विनंती. पुढच्या लिलावाच्या कॅटलॉगपर्यंत वाट पाहीन. त्यातही तीच भाषा दिसली तर दिसलेले प्रत्येक चुकीचे वर्णन, लॉट क्रमांक आणि आधारासह, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर आणि केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाकडे नोंदवेन, आणि हे पत्र वाचणाऱ्या संग्राहकांनीही आपापल्या पावत्या व लॉटची पाने जपून ठेवून तसेच करावे असे मी त्यांना सांगत आहे.

कळावे,
आपला,
मराठा नाण्यांचा एक संग्राहक, पुणे